बुरशीवाले मामा

भाकरीला बुरशी लागली म्हणून हळहळणारी माणसे मी बारामतीपासून इंदापूरपर्यंत घरोघरी पाहिली आहेत. बुरशी लागली म्हणून खूश होणारा माणूस मात्र आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा होता. हे मी फुगवून सांगत नाही. मी कालव्यावर मोजणीदार होतो. पाणी किती इंच आले, किती वाजता आले आणि कोणाच्या रानात गेले हे लिहिण्यात माझी बावीस वर्षे गेली. फुगवून बोलायची सवय मला लागली नाही, आणि लागली असती तरी खात्याने ती फार दिवस चालू दिली नसती.

मामा डॉक्टर होते. बारामतीत पेठेच्या मागच्या बोळात त्यांचा दवाखाना होता आणि आठवड्यातून एक दिवस ते सर्व्हिस मोटारीने इंदापूरला जात. अंगाने शेलाटे, डोक्यावर काळी टोपी, आणि उजवा डोळा कायम अर्धा मिटलेला. तो डोळा अधू नव्हता. पंचवीस वर्षे सूक्ष्मदर्शकाच्या नळीला लावून लावून त्याला तशी सवय लागली होती. त्यामुळे मामा समोरच्याशी बोलत असले तरी एका डोळ्याने ते दुसरीकडेच काहीतरी पाहत आहेत, झोपेत पाहावे तसे, असे वाटे. आणि ते खरेही होते. बोलता बोलता ते थांबत. नाडीवर बोटे तशीच राहत, रोगी घाबरून तोंडाकडे बघत राही, आणि मामा हळूच म्हणत, "काल रात्रीतून तिला शेंडे फुटले असतील." रोगी बिचारा मुलगी कोणाची आणि शेंडे कसले या विचारात घरी जाई. ती असे बशीत ठेवलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या चकतीवरची बुरशी.

त्यांचे ते पितळी यंत्र कोणा गोऱ्या डॉक्टराने विलायतेला परत जाताना विकलेले होते. त्याला विजेची गरज नव्हती. खाली एक आरसा असे आणि त्यावर उजेड पडला की नळीतून दिसे. म्हणून मामा उजेडाच्या मागे हिंडत. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारी अंगणात, उतरत्या उन्हाला मागच्या दारी. दवाखान्यातली माणसेही त्यांच्यामागे बाकडे उचलून फिरत. ढग आला की मामा वाक्य अर्धे सोडून गप्प बसत आणि ढग गेला की उरलेले अर्धे बोलत. एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याला "काळजी करू नका, तुम्हाला" एवढेच सांगितले आणि आभाळ भरून आले. म्हाताऱ्याने पाऊण तास वाट पाहिली. मग ऊन पडल्यावर मामा म्हणाले, "नुसती सर्दी आहे." तोवर म्हाताऱ्याने मनातल्या मनात जमिनीच्या वाटण्या करून टाकल्या होत्या.

आमच्याकडे वडगाव निंबाळकरला आले की मामा पाय धुवायच्या आधी माळ्यावर चढत. जुने जोडे, ओले पोते, कोपऱ्यातली विसरलेली परडी, सगळे हुंगून, खरवडून खाली येत. एका वर्षी आमच्या घरात कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर पांढरी साय धरली. वर्षाचे लोणचे गेले म्हणून माझी बायको रडू लागली. मामांनी झाकण उघडून आत पाहिले, उघड्या डोळ्याने आणि मग अर्ध्या डोळ्याने, आणि म्हणाले, "चार दिवस टाकू नकोस, बाळ. खाली हिरवी यायची आहे अजून." ती म्हणाली, "मामा, तुमी भाचीचं सांत्वन करताय का बुरशीचं?" मामांनी थोडा विचार केला आणि खरे तेच सांगितले. "तुझं करायला तुझा नवरा आहे."

मला त्यांनी पुष्कळदा नळीतून दाखवले. पहिल्यांदा मला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदा दिसले. पाण्याखाली शेवाळ हलावे तसा सगळा हिरवट उजेड, त्यात काचेच्या धाग्यांसारख्या फांद्या, फांदीला फाटा, आणि टोकाला धुळीएवढ्या मण्यांचा गुच्छ. मी किती वेळ पाहत होतो ते मला सांगता येणार नाही, आणि वेळ सांगता न येण्याचा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग आहे. मामा शेजारी कुजबुजले, "बाग आहे की नाही? माळी नाही, पाट नाही, पाळी नाही."

पण मामांची खरी ओढ भाकरीवरच्या बुरशीची नव्हती. त्यांचे म्हणणे असे की न्यूमोनियाने आजारी पडलेल्या दहा माणसांत एखादा असा असतो की ज्याच्या छातीत हीच बुरशी रुजलेली असते. डॉक्टर त्याला न्यूमोनिया म्हणतात, ताप उतरला नाही की क्षय म्हणतात, आणि माणूस गेला की नशीब म्हणतात; बेडका भिंगाखाली कोणी घालत नाही. म्हणून मामा येईल त्याच्याकडे बेडका मागत. तोही इतक्या आर्जवाने, की देवळात तीर्थासाठी हात पुढे करावा तसा त्यांचा हात पुढे येई. बारामतीच्या पेठेत साधा ठसका लागलेली माणसे मामांना पाहून दुसऱ्या बोळात वळत.

याच ओढीने त्यांची एकदा फजिती झाली. माझा धाकटा भाऊ श्रीपती. त्याचे सासरे इंदापूरजवळ भाजीपाला पिकवत, त्यांना सगळे आबा म्हणत. आबांना न्यूमोनिया झाला. त्या काळी औषधाला बाटली घरूनच न्यायची रीत होती, आणि बाटली म्हणजे घरात जे सापडेल ते. आबांच्या माणसांनी त्यांचा बेडका एका लहान बरणीत घालून, फडके बांधून, मोटारवाल्याबरोबर बारामतीला धाडला. मोटार वाटेत बिघडली आणि बरणी दुसऱ्या दिवशी पोहोचली. मामांनी पाहिले तर आत रानच्या रान उभे. ते औषध घेऊन धावत इंदापूरला गेले. आबा बांधावर बसून वांग्याचे भरीत खात होते. सातव्या दिवशी दरदरून घाम येऊन त्यांचा ताप उतरला होता. मामांनी बरणी दाखवली. आबा म्हणाले, "आवं डाक्तर, ही तर लोणच्याची बरणी. पुसून दिली आसंल पोरींनी."

पुढे तीन वर्षे आबा इंदापूरच्या बाजारात सांगत होते, "मी बरा हाय. डाक्तर म्हणत्यात, माझ्या लोणच्याला निमोनिया झालाय."

मामा त्यावर हसत. मात्र त्यानंतर त्यांनी कोणाच्याही छातीतल्या बुरशीबद्दल तोंड उघडले नाही. भिंग रोज लावत, बशा रोज तपासत, पण कागदावर लिहिताना फक्त न्यूमोनिया लिहीत.

अशात श्रीपती आजारी पडला. आमचे जोंधळ्याचे पेव, म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे तळघर, दोन पावसाळे उघडले नव्हते. पेव उघडताना आत कंदील सोडायची आमच्याकडे रीत आहे. कंदील विझला तर हवा विषारी, तेवत राहिला तर खुशाल उतरावे. कंदील झकास तेवला. श्रीपती उतरला. कडेच्या जोंधळ्यात पाणी मुरून हिरवट काळ्या ढेपा झाल्या होत्या. त्या त्याने दोन दिवस हातांनी फोडल्या. वर उभ्या असलेल्या मला आतून धूर आल्यासारखी धूळ दिसत होती. कंदील तेवतो आहे ना, म्हणून मी काही बोललो नाही. पाचव्या दिवशी त्याला हुडहुडी भरून ताप आला, छातीत कळ आणि बेडक्यात तांबूस झाक. गावच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. आम्ही सातव्या दिवसाची वाट पाहिली, मग नवव्याची, मग अकराव्याची. घाम आला नाही. मी कालव्याच्या नोंदवहीच्या कागदावर त्याचा ताप मांडत होतो, सकाळ-संध्याकाळ. तेविसाव्या दिवशीही तापाचे पाणी एकशेदोनच्या खाली उतरेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन क्षयाचा शब्द उच्चारला.

तो शब्द इंदापूरला आमच्या निरोपाआधी पोहोचला. आबा बैलगाडी जुंपून आले. श्रीपतीची बायको यसू आमच्याकडेच होती, कडेवर आठ महिन्यांचे पोर. आबा ओसरीवर बसले, पाणीही घेतले नाही. म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नका. पोरगी आन् नातू मी घिऊन जातो. ह्यास्नी रानातल्या खोपीत ठिवा, वारं लागंल." खोपीत ठेवलेल्या माणसाचे पुढे काय होते ते त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हालाही. यसू दाराआडून म्हणाली, "मी न्हाय येणार." आबा म्हणाले, "तुला कोन इचारतंय?"

मी मामांना बोलावून घेतले होते. ते त्याच दुपारी आले. गाडीत गोधडीवर यंत्र होते आणि मामा गाडीमागून चालत आले होते. दोघे बसले तर यंत्राला धक्के बसले असते. त्यांनी श्रीपतीची छाती ठोकून पाहिली, बेडका घेतला, लाल रंग चढवून क्षयाचे जंतू शोधले. मिळाले नाहीत. मग कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकून पाहिले. त्या थेंबात बाकीचे सगळे विरघळते, बुरशीचे धागे तेवढे राहतात. मामांनी पाहिले आणि डोळा काढून घेतला. इतक्या चटकन डोळा काढताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"काय आहे?" मी विचारले.

"जावईबापू, मला जे दिसलं ते मला दिसावं असं मला पंचवीस वर्षं वाटतंय," ते म्हणाले. "म्हणून माझा माझ्यावर विश्वास नाही."

मग त्यांनी मला समजावले. बुरशी असेल तर पोटॅश आयोडाइड द्यायचे, दुधातून, थेंब वाढवत. पण क्षय असेल आणि तेच औषध दिले तर झोपलेला रोग उठून बसेल, आणि श्रीपती महिना काढणार नाही. पुण्याला नेऊन छातीचा फोटो काढावा तर तो गाडीत बसण्याजोगा नव्हता. आणि औषध न देता थांबावे तर तापाचा आलेख माझ्या हातातच होता.

"माणूस माझा, बरणी तुमची," मामा म्हणाले. "तुम्ही मोजणारे आहात. मला नावं सांगू नका, फक्त आकडे सांगा."

असे काम मला आयुष्यात दुसरे मिळाले नाही. मामांच्या दवाखान्यातून लहान बाटल्या आणल्या, हंड्यात पाऊण तास उकळल्या, झाकणांसकट. रोज सकाळी तोंड तीनदा उकळलेल्या पाण्याने धुवून प्रत्येकाने आपापल्या बाटलीत खाकरायचे: श्रीपती, मी, माझी बायको. एका बाटलीत नुसते उकळलेले पाणी. बाटल्यांवर आकडे, आणि रोज वेगळे. कोणता आकडा कोणाचा ते माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर. आबा गाडी सोडून हे बघत बसले होते. बैल दावणीला बांधले गेले होते. त्यांनी विचारले, "आन् तुमचा डाक्तर पुन्यांदा लोणच्यालाच आजारी पाडंल तर?"

"तर गाडी जुंपा," मामा आतून म्हणाले.

"मग माझीबी घ्या की बाटली," आबा म्हणाले. "चुकतं का न्हाय ते बघू."

मी त्यांनाही उकळलेली बाटली दिली. अशा पाच बाटल्या, तीन सकाळी. मामा माजघराच्या खिडकीशी बसत. मी आकडा म्हणून काचपट्टी पुढे करी आणि ते "आहे" किंवा "नाही" म्हणत. बाहेर कालव्यावरून येणारा वारा उसातून सळसळत असे, पोर पाळण्यात असे, आणि घरभर ते दोनच शब्द. नाही. नाही. आहे. नाही. दुसऱ्या दिवशी एका पट्टीवर ते बराच वेळ थांबले. आबा पुढे सरकले. मामा म्हणाले, "धागा आहे, पण बुरशीचा नाही. तंबाखूचा आहे. ज्यांची असेल त्यांना सांगा, चूळ नीट भरत जा." आबा पुन्हा मागे सरकले आणि त्यांनी मिशी पुसली.

शिवाय प्रत्येक बाटलीतला थेंब मामांनी बटाट्याच्या चकतीवर घातला होता. त्या चकत्या तिसऱ्या सकाळी काचेच्या डबीत बंद करून त्यांनी सदऱ्याच्या आत पोटाशी बांधल्या. तीन दिवस ते तसेच जेवले, तसेच झोपले. कुशीवर वळत नव्हते. माझी बायको म्हणाली, "मामा, बाळंतिणीगत काय चालताय?" ते म्हणाले, "बरणीतलीला गारवा लागतो, अंगातलीला अंगाची ऊब लागते. ऊब देतोय."

बांधल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी डबी सोडली. पंधरा चकत्या होत्या, त्यांतल्या बारा पांढऱ्या फटक, कोऱ्या. तीन चकत्यांवर करड्या हिरव्या रंगाची मखमल आली होती. त्याच तीन आकड्यांना मामा नळीतून पाहून "आहे" म्हणाले होते. मी खिशातली चिठ्ठी काढली. यसूने ती एका टोकाला धरली. तिला वाचता येत नव्हते, तरी ती चिठ्ठीकडेच बघत होती. पहिल्या दिवसाचा चार. दुसऱ्या दिवसाचा एक. तिसऱ्या दिवसाचा पाच. तिन्ही श्रीपतीचे.

मी नाव वाचले तेव्हा मामांनी डोळे मिटले. आनंदाने म्हणावे तर ते आनंदी दिसत नव्हते. ते नुसते म्हणाले, "थेंब कोण मोजेल?" मी म्हणालो, "मी."

आबा उठले. आम्हाला वाटले गाडी जुंपायला चालले. ते गोठ्यात गेले, बैलांना वैरण टाकली आणि परत येऊन यसूला म्हणाले, "पाणी दे. सकाळपास्नं घसा कोरडा हाय." आमच्या घरातले पाणी त्यांनी आल्यापासून पहिल्यांदाच मागितले.

पाच थेंबांपासून सुरुवात केली, दिवसातून तीनदा, रोज एक वाढवत. श्रीपतीच्या नाकातून पाणी वाहू लागले आणि दूध तांब्याच्या भांड्यातले लागते म्हणून तो कुरकुरू लागला. तोवर सगळ्या आजारात त्याने कुरकुरसुद्धा केली नव्हती, म्हणून आम्हाला ती गोड वाटली. औषधाच्या अकराव्या दिवशी ताप शंभरावर आला, सतराव्या दिवशी अठ्ठ्याण्णवावर. औषधाने उतरला की पेवापासून लांब राहिल्याने, हे मी मामांना विचारले. ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. दोन श्रीपती असते तर सांगितलं असतं." आबांनी इंदापूरच्या बाजारात गोष्ट बदलून सांगितली, असे कानावर आले. आता ते म्हणत, "बाटली उकळून दिली तर आमच्या डाक्तराचं कदी चुकत न्हाय."

मामा शेवटचे तपासायला आले ते सहाव्या आठवड्यात. श्रीपती काठी न घेता अंगणातून चालत होता. बेडका मिळवायलाच अर्धा तास लागला, इतका खोकला कमी झाला होता. मामांनी काचपट्टी लावली आणि पाहू लागले. मी वही-पेन्सिल घेऊन बसलो.

"मामा, काय दिसतंय?"

"काही नाही."

"एकसुद्धा धागा नाही?"

"एकसुद्धा नाही. मोकळं आहे सगळं."

मी ते लिहून घेतले. पण मामांनी डोळा काढला नाही. छातीत रुजलेली बुरशी त्यांनी सगळ्या आयुष्यात एकदाच, खात्री करून, कोणीही हसणार नाही अशी पाहिली होती, आणि त्यांनीच थेंबाथेंबाने ती घालवली होती. यसू पोराला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"म्हंजी समदं गेलं न्हवं, मामा?"

"सगळं गेलं, पोरी," मामा म्हणाले.

यसूने त्यांच्याकडे पाहिले. तिचा माणूस अंगणात चालत होता, तिला दुसरे काही कळायचे कारण नव्हते. तरी ती चूल पेटवायला आत गेली ती आवाज न करता, एखाद्याच्या घरी कोणी वारले असता वावरावे तशी. चहा झाला, पितळीत निवत राहिला. बाहेर श्रीपती, खुशाली विचारायला आलेल्या आबांच्या बैलाला नावाने हाका मारत होता. मामा अर्धा डोळा नळीला लावून त्या रिकाम्या, पिवळ्या उजेडात कितीतरी वेळ पाहत बसले, आणि मी वही मिटून त्यांच्याजवळ बसून राहिलो.